माळ्यावरचा बंब पुन्हा पेटवला

गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी पावसाळ्यात वीज गेली की ती कधी येईल याचा नेम नसतो. सासूबाईंना सकाळी कढत पाण्याची आंघोळ लागते, त्याशिवाय त्यांचे गुडघे मोकळे होत नाहीत. गॅसवर पातेलं तापवून ते ओल्या पडवीतून न्हाणीपर्यंत नेताना माझा जीव मुठीत असायचा. आणि वाडीत तर सोडणं (नारळाची सालं), करवंट्या, चुडतं (माडाच्या वाळक्या झावळ्या) नुसती कुजत पडलेली. तेव्हा माळ्यावरचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब खाली उतरवायचं ठरलं.

बंब ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बाहेर तांब्याचं पिंप, त्याच्या मधोमध खालून वर गेलेलं नळकांडं, तळाशी जाळी आणि जाळीखाली राखेचा कप्पा. विस्तव नळकांड्याच्या पोटात आणि पाणी त्याच्या चहूबाजूंनी. उघड्या चुलीवर हंडा ठेवला की निम्म्याहून जास्त जाळ कडेनं निसटतो. बंबात त्याला वर जाताना पाण्याला लागूनच जावं लागतं. 40 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापवायला साधारण 1.9 युनिट विजेइतकी उष्णता लागते. कोरड्या लाकडात किलोमागे चार युनिटांच्या आसपास उष्णता असते. म्हणजे निम्मी वाया गेली तरी किलोभर लाकडात काम होतं. हा हिशेब मांडल्यावर घरातल्या सगळ्यांचंच मन वळलं.

पण आधी बंब गळतोय का ते बघायला हवं होतं. बाहेरची गळती लगेच दिसते, आतल्या नळकांड्याची दिसत नाही. शिवाय गार पाण्याचा बंब पेटवला की सुरुवातीला आतून थेंब ठिबकतातच, कारण लाकूड जळताना निघणारी वाफ थंड तांब्यावर धरते. त्यावरून बंब फुटला असं समजून कितीतरी बंब मोडीत गेले असतील. सासूबाईंनी सांगितलेली परीक्षा सोपी आहे: बंब न पेटवता रात्री काठोकाठ भरायचा आणि जाळीखाली कोरडी राख पसरून ठेवायची. सकाळी राख कोरडी असेल तर नळकांडं शाबूत. आमची राख चिखल झाली होती.

दुरुस्तीसाठी बंब पुण्याला, कसब्यातल्या तांबट आळीत नेला. तिथल्या कारागिरांनी जुना डाग, म्हणजे सांधा जोडणारा मऊ धातू, खरवडून काढला, सांधा घासून स्वच्छ केला आणि नव्यानं डाग दिला. तोटीचा वाहता आटाही बदलला. कल्हई करायची का म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘ताई, आंघोळीच्या पाण्याला कल्हई कशाला? ती स्वयंपाकाच्या भांड्यांना. तुम्ही एकच सांभाळा, पाण्याशिवाय काडी लावू नका.’ त्यामागचं कारण ऐकल्यावर मी ते कधी विसरणार नाही. तांबं वितळायला 1,085 अंश लागतात, पण कथील-शिशाचा डाग 200 अंशांच्या आसपासच मऊ पडतो. पाणी आहे तोवर सांधा शंभराच्या फार वर जात नाही. पाणी संपलं की डाग सुटलाच.

परत आणल्यावर बंब कुठे ठेवायचा यावर घरात बरीच चर्चा झाली. न्हाणीत ठेवणं सोयीचं, पण मी ठाम नकार दिला. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. धूर दिसत नाही म्हणून माणूस दार लावून आंघोळीला बसतो, डोकं जड होतं, आणि पुढे शुद्धच हरपते. बंद खोलीतल्या शेगडीनं माणसं दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. आमचा बंब मागच्या पडवीत, दोन बाजू उघड्या असलेल्या जागी, जांभ्याच्या चिऱ्यावर बसवला. पत्र्याचा नळ जोडून धूर पागोळीच्या बाहेर काढला. नळ उंच गेल्यानं ओढही चांगली लागते. पाणी बादलीतून आत न्यावं लागतं, ते आम्ही नेतो.

पेटवायची रीत सासूबाईंनी शेजारी खुर्ची टाकून बसून शिकवली. ‘अगं, आधी तोटी सोडून बघ, मग काडी ओढ,’ हे त्या अजून रोज म्हणतात आणि त्यांचं बरोबरच आहे. वरच्या कडेला पाणी दिसत असलं तरी तोटीतून धार येते की नाही ते बघायचंच. मग आदल्या दिवशीची राख पाडून जाळी मोकळी करायची, म्हणजे खालून वारा लागतो. पेटवायला चुडताचे तुकडे आणि सोडणाचा पिंजलेला काथ्या. जाळ धरला की वरून बारीक ढलप्या, आणि त्या फुलल्या की मूठ-मूठ करवंट्या. करवंटी फार तापते आणि तिचा निखारा बराच वेळ टिकतो. अख्खं सोडण मात्र धुमसत राहतं, ते फोडूनच घालावं. नळकांडं गच्च भरायचं नाही. हवेला वाट नसली की नुसता धूर होतो. नळातून धूर जवळजवळ दिसेनासा झाला की समजायचं नीट जळतंय. वरचं झाकण फक्त टेकवलेलं असतं, ते कधीही आवळून बंद करू नये. कोंडलेली वाफ पिंप फाडू शकते.

जळण हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. ओल्या लाकडाच्या वजनात निम्मं पाणीच असू शकतं. ते उडवण्यात जाळ खर्ची पडतो आणि धुराचं डांबर नळात चिकटतं. म्हणून पाऊस सरला की आंब्या-काजूच्या फांद्या तोडून, फोडून उन्हात रचतो, आणि मिरगाच्या आधी पडवीतल्या मांडणीवर, जमिनीपासून वर, बेगमी करतो. काही गोष्टी आमच्या बंबात वर्ज्य आहेत. दुधाच्या पिशव्या घालून पेटवायची सवय घरोघरी दिसते, ती मला अजिबात पटत नाही. तो धूर आपल्याच अंगणात राहतो. रंगवलेलं लाकूड आणि प्लायवूड नाही. समुद्रावर वाहून आलेलं लाकूड फुकट मिळतं, पण त्यातलं मीठ जळताना धातू खातं. काजूच्या टरफलांचा धूर तर डोळ्यांना आणि कातडीला भाजल्यासारखा झोंबतो, त्यांचं तेलच तसं दाहक.

देखभाल फार नाही, पण ती चुकवता येत नाही. नळकांड्यात काजळीचा थर चढला की पाणी उशिरा तापतं. काठीला काथ्याचा बोंडा बांधून, बंब गार असताना, आठवड्यातून एकदा तो खरवडते. पत्र्याचा नळ पावसाआधी उतरवून झटकतो. ओली राख धातूला चावते, म्हणून पावसाळ्यात ती कप्प्यात साठू देत नाही. काढलेल्या राखेत निखारा लपलेला असतो, तेव्हा ती पत्र्याच्या डब्यात दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायची आणि मग माडांच्या आळ्यात घालायची. आमच्या विहिरीचं पाणी मऊ असल्यानं आत क्षार धरत नाहीत. सोलापूरला नणंदेकडे बोअरचं पाणी आहे, तिच्या बंबात पांढरी खपली धरते. ती सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी रात्रभर भरून ठेवते आणि सकाळी खळखळून धुते. बाहेरून चकाकी हवी असेल तर रातांब्याची (कोकमाची) सालं आणि मीठ पुरे. मी ते फक्त दिवाळीआधी करते.

दिवाणखान्यात शोभेला ठेवलेले, नाहीतर दिवा बसवलेले बंब मी पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं आहे. आमचं बघून शेजारच्या काकांनीही त्यांचा बंब काढला. राखेची परीक्षा पास झाली, पण जाळी गंजून गेली होती. ती लोहाराकडून जाड सळ्यांची नवी करून घेतली, नळकांड्यापेक्षा थोडी लहान, म्हणजे तापून फुगली तरी अडकत नाही.