एमजीबीची एक्झॉस्ट यंत्रणा बदलताना : माझा अनुभव

इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी या स्पोर्ट्स मोटारी पाच लाखांहून अधिक तयार झाल्या. त्यामुळे या गाडीच्या सुट्या भागांची उणीव सहसा भासत नाही. अडचण होते ती निवडीची. माझी गाडी १९६९ सालची, कापडी छताची, १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आणि दोन एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारे भाग) असलेली आहे. तिचा मागचा सायलेन्सर खालच्या शिवणीवर फुटला, आणि पाहिले तेव्हा पुढचा सायलेन्सरही हाताच्या दाबाने दबत होता. एकेक तुकडा बदलत बसण्यापेक्षा संपूर्ण यंत्रणाच नव्याने आणि थोडी अधिक चांगली बसवावी, असे मी ठरवले.

एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारी नळ्यांची यंत्रणा, आतून का गंजते हे मला आधी समजून घ्यायचे होते, कारण नवी यंत्रणा कोणत्या धातूची घ्यावी हे त्यावरच अवलंबून होते. एक लिटर पेट्रोल जळते तेव्हा जवळपास तितकेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गाडी लांब पल्ल्यावर धावली, तर नळ्या पुरेशा तापतात आणि ही वाफ बाहेर निघून जाते. पण हौसेची गाडी बहुधा थोड्याच अंतरावर फिरते आणि नंतर आठवडेच्या आठवडे झाकून ठेवली जाते. अशा वेळी आम्लयुक्त पाणी सायलेन्सरच्या तळाशी साचून राहते आणि साधे पोलाद आतून खाते. अधिक चालवल्याने नव्हे, तर कमी चालवल्याने हा भाग लवकर जातो, ही गोष्ट जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक असते.

‘स्टेनलेस’ या एका नावाखाली दोन वेगवेगळे धातू विकले जातात. ४०९ या प्रतीत क्रोमियम साधारण अकरा टक्के असते, ती चुंबकाला चिकटते आणि कालांतराने तिच्यावर तपकिरी थर चढतो, तरी ती पोलादापेक्षा बरीच टिकते. ३०४ या प्रतीत सुमारे अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असते, आणि गाडी वर्षातून काही महिने उभीच राहणार असेल, तर माझ्या मते जास्तीचा खर्च तिच्यावरच करावा. मात्र ३०४ उष्णतेने साध्या पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते. अडीच मीटरची नळी दोनशे अंशांनी तापली, तर ती आठ मिलिमीटरहून थोडी अधिक लांबते. हा आकडा लहान वाटला, तरी बसवताना नळी आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये तेवढेच अंतर सोडलेले असेल, तर गरम झाल्यावर ती तिथे आदळणारच.

खरा विचार करावा लागला तो मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करून पुढच्या नळीत सोडणाऱ्या भागाचा. एक्झॉस्ट सुधारायची म्हणजे बिडाचा मूळ मॅनिफोल्ड काढून नळ्यांचा चकचकीत मॅनिफोल्ड लावायचा, असा सर्वसाधारण समज आहे, आणि पुष्कळ गाड्यांच्या बाबतीत तो खराही असेल. परंतु या इंजिनाची रचना वेगळी आहे. त्याच्या हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) चार सिलिंडरसाठी एक्झॉस्टची तीनच तोंडे आहेत आणि मधले तोंड दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरला सामाईक आहे. प्रज्वलनाचा क्रम १-३-४-२ असल्यामुळे दोन आणि तीन यांचे धुराचे झोत क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) एकेका पूर्ण फेऱ्याच्या अंतराने येतात, आणि एक व चार यांचेही तसेच. मूळ मॅनिफोल्डमध्ये कडेच्या दोन शाखा एकत्र येतात, मधली शाखा स्वतंत्र राहते, आणि दोन तोंडांतून दोन नळ्या खाली उतरतात. म्हणजे प्रत्येक नळीला समान अंतराने झोत मिळतो. कारखान्यातील अभियंत्यांनी हे काम इतके नीट केले होते की, मूळ कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) असलेल्या इंजिनात तो बदलून फारसे काही हाती लागत नाही. शिवाय बीड उष्णता धरून ठेवते, आवाज दाबते आणि सहजासहजी तडकत नाही.

आणखी एक व्यवहारी कारण होते. या इंजिनात इनलेट (मिश्रण आत नेणारा) आणि एक्झॉस्ट हे दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला असून, काही स्टडवरचे (आटे पाडलेल्या खिळ्यांवरचे) जाड वॉशर एकाच वेळी दोघांच्याही कडा दाबून धरतात. नव्या मॅनिफोल्डच्या कडेची जाडी इनलेटच्या कडेशी जुळली नाही, तर वॉशर एकाच बाजूवर टेकतो, दुसरी बाजू सैल राहते आणि तिथून गॅस्केट, म्हणजे मधली सांधा बंद ठेवणारी चकती, फुंकू लागते. म्हणून मी बिडाचा मॅनिफोल्ड ठेवला आणि त्याच्या खालपासून मागच्या टोकापर्यंतचे सगळे बदलले.

नळीचा व्यास ठरवताना ‘इंजिनाला थोडा उलटा दाब हवाच’ हा सल्ला मला वारंवार ऐकावा लागला. उलटा दाब कोणत्याही इंजिनाला नको असतो. हवा असतो तो वेग. बाहेर पडणारा झोत वेगाने गेला की आपल्या मागे कमी दाब सोडतो आणि सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घ्यायला मदत करतो. नळी वाजवीपेक्षा रुंद केली, तर हा वेग मंदावतो, आणि कमी फेऱ्यांवरची ओढ घटल्यावर लोकांना वाटते की दाब कमी झाल्यामुळे नुकसान झाले. ९५ अश्वशक्तीच्या इंजिनाला मोठ्या व्यासाचा मोह शोभत नाही. मी पावणेदोन इंचांवर थांबलो.

सायलेन्सरचे मुख्य प्रकार दोन आहेत. एकात पडदे आणि कप्पे असतात, त्यांतून आवाजाच्या लाटा परतून एकमेकींना मारतात. दुसऱ्यात छिद्रे असलेली सरळ नळी असून तिच्याभोवती उष्णता सोसणारे तंतू भरलेले असतात. दुसरा प्रकार प्रवाहाला मोकळा, पण तीव्र आवाज शोषण्यात पटाईत आणि जड, घुमणाऱ्या आवाजापुढे हतबल. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर सेकंदाला शंभर स्फोट करते, आणि नेमका याच कंपनसंख्येचा घुमारा छत लावलेल्या छोट्या गाडीत कानांना असह्य होतो. म्हणून पुढे सरळ नळीचा आणि मागे कप्प्यांचा, अशी मिश्र जोडी मी निवडली. मोकळ्या रस्त्यावर ओव्हरड्राइव्ह (इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जादा गिअर) लावला की फेऱ्या त्या पट्ट्याखाली येतात, हाही हिशेब त्यामागे होता.

जुनी यंत्रणा उतरवण्याचे काम चिकाटीचे निघाले. मॅनिफोल्डला पुढची नळी सहा स्टड आणि पितळी नट यांनी जोडलेली असते. नटांवर भेदक तेल टाकून ते रात्रभर मुरू दिले, नंतर ज्योतीने तापवले आणि पान्याला झटका न देता मागे-पुढे हलवत सोडवले. ज्योत वापरण्याआधी कार्ब्युरेटर आणि पेट्रोलची नळी काढून लांब ठेवली होती. कार्ब्युरेटरखालच्या हीट शील्डला (उष्णता अडवणाऱ्या पत्र्याला) हात लावण्याआधी एक खबरदारी आवश्यक आहे. त्या काळातील अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून ते कोरडे खरवडू नये. मी पूर्ण शील्डच नवी घेतली.

नवी यंत्रणा जोडताना कोणताही क्लॅम्प पहिल्या फेरीत आवळला नाही. सगळे भाग सैल टांगले, चाकांवर गाडीचे वजन टाकले आणि मग अंतरे तपासली, कारण गाडी जॅकवर असताना मागचा अ‍ॅक्सल खाली लोंबतो आणि तेव्हा मोकळी दिसणारी जागा रस्त्यावर तशी राहत नाही. इंजिन रबरी आधारांवर डुलते, म्हणून ते हाताने दोन्ही बाजूंना हलवूनही पाहिले. त्यानंतर पुढून मागे या क्रमाने आवळत गेलो. नळी टांगणाऱ्या हँगरचे रबर ताणलेले राहू नये. नळी स्वतःच्या वजनाने सरळ लटकली पाहिजे आणि रबराने तिला फक्त सांभाळले पाहिजे. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या स्टडवर कोरडा फिरवला, तर दोन्ही एकमेकांना धरून कायमचे जाम होतात, त्यामुळे प्रत्येक आट्यावर तांबेयुक्त लेप लावला आणि मॅनिफोल्डला पुन्हा पितळी नटच वापरले.

गळती शोधण्याची रीत साधी आहे. इंजिन थंड असताना चालू करावे, जाड हातमोजा घालून मागचे तोंड कापडाने क्षणभर झाकावे आणि प्रत्येक सांध्याजवळ कान द्यावा. एका सांध्यावर फुसफुस ऐकू आली. क्लॅम्प थोडा फिरवून आवळल्यावर ती थांबली. अशी गळती राहिली, तर अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि एक्झॉस्टमध्ये फटाके वाजतात. काहींना ते आवडतात, मला नाही.

यानंतरचे काम बहुतेक जण टाळतात, पण माझ्या दृष्टीने अर्धी सुधारणा त्यातच आहे. प्रवाह मोकळा झाला की मिश्रण बदलते. एसयू कार्ब्युरेटरच्या जेटखालचा (पेट्रोल सोडणाऱ्या छिद्राखालचा) षटकोनी नट एकेका बाजूने फिरवून मिश्रण जुळवावे लागते. नट खाली नेला की पेट्रोल वाढते. कार्ब्युरेटरमधला पिस्टन उचलण्याची पिन जेमतेम मिलिमीटरभर वर ढकलली असता फेऱ्या वाढून तशाच राहिल्या, तर पेट्रोल जास्त. लगेच पडल्या, तर कमी. क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाल्या, तर योग्य. ही परीक्षा मात्र फक्त मंद गतीचे मिश्रण दाखवते. पूर्ण भाराखाली काय घडते हे पाहण्यासाठी मी दोन नळ्या एकत्र येतात तिथे ऑक्सिजन सेन्सर बसवण्यासाठी बॉस (आट्यांची जाड कडी) वेल्ड करून घेतला होता. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण १३ ला १ च्या आसपास हवे असते. वरच्या फेऱ्यांत ते त्याहून पातळ, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, दिसले. जेटमध्ये वरखाली होऊन पेट्रोल मोजणाऱ्या एसयूच्या सुया दर अष्टमांश इंचावर मोजलेल्या जाडीनुसार ओळखल्या जातात, त्यामुळे मुळाशी तशाच पण टोकाकडे थोड्या बारीक असलेल्या सुया निवडता आल्या.

उघड्या गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासावीच. वेगात असताना मागच्या बाजूला हवेचा भोवरा तयार होतो आणि धूर परत बसण्याच्या जागेकडे ओढला जाऊ शकतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. नळीचे टोक मागच्या बंपरच्याही मागे नीट बाहेर आणले आणि डिकीचे झिजलेले रबर बदलले.

काही तापण्या-निवण्यानंतर सर्व क्लॅम्प पुन्हा आवळले. त्यांतील बरेचसे खरोखरच किंचित सैल झालेले होते. आता ओढ मधल्या फेऱ्यांत अधिक सलग वाटते, आवाज भरदार झाला आहे आणि घुमारा सोसण्याइतका उरला आहे. पुढे कधी जास्त काळ झडपा उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट बसवला, तर झोतांच्या ओढीला खरे महत्त्व येईल आणि बिडाच्या मॅनिफोल्डचा प्रश्न पुन्हा उघडावा लागेल. तोपर्यंत तो जिथे आहे तिथेच राहील.