आवडेल तेथे

एस.टी. महामंडळाने ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ ही योजना 1988 मध्ये सुरू केली आणि तिचा सात दिवसांचा पास मी काढला तो 1994 च्या मे महिन्यात, एस.वाय.ची परीक्षा संपल्याच्या आठवड्यात. एकदाच पैसे भरायचे आणि मग सात दिवस राज्यभर कोणत्याही साध्या गाडीत बसायचे, हे मला इतके पटले होते की बाबांनी ‘‘पण जाणार कुठे?’’ असे विचारले तेव्हा मला त्या प्रश्नाचाच राग आला. कुठे जायचे हे घरीच ठरवायचे असेल तर साधे तिकीट काय वाईट होते? आईने काही विचारले नाही. तिने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि ऊन लागू नये म्हणून खिशात एक कांदा ठेवायला लावला. त्यामुळे शर्टाच्या खिशात पास आणि पँटच्या खिशात कांदा, अशा थाटात मी स्वारगेटला पोहोचलो.

‘आवडेल तेथे’ याचा व्यवहारातला अर्थ ‘गाडी जाईल तेथे’ असा असतो, हे फलाटावर पहिल्या दहा मिनिटांतच कळले. म्हणून मी नियमच करून टाकला, की स्थानकात शिरल्यावर लांबच्या पल्ल्याची जी पहिली गाडी लागेल तिच्यात बसायचे. अशा रीतीने मी सोलापूरला गेलो, तिथून संध्याकाळी तुळजापूरला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरच्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. ही विद्या पुण्याच्या माणसाला उपजत येते असा माझा समज होता. तुळजापूरच्या गर्दीत तो फार वेळ टिकला नाही. रुमाल सीटवर होता, पण रुमालावर एक आजोबा बसले होते.

आजोबांनी सरकून जागा दिली आणि विचारले, ‘‘कुठं जायलास?’’ मी ‘‘लातूरला जातो आहे’’ म्हणालो, आणि माझे ते ‘जातो आहे’ मलाच व्याकरणाच्या पुस्तकातून काढून आणल्यासारखे वाटले. त्यांच्या मांडीवर फडक्यात बांधलेले एक नवे कोरे स्टीलचे पातेले होते. आजोबा किल्लारीकडचे होते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या भूकंपाला तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते आणि भूकंपग्रस्तांचा तो पहिला उन्हाळा पत्र्याच्या शेडमध्ये चालला होता. ‘‘पत्र्यात लई गरम व्हायलंय,’’ एवढेच ते म्हणाले, आणि मग सबंध वाटेत त्या पातेल्याच्या काठावरून बोट फिरवत बसले. मला पुढे काही विचारता आले नाही. गावाचे नाव वर्तमानपत्रात वाचणे आणि त्या गावच्या माणसाला आपल्या खांद्याला खांदा लावून डुलकी लागणे, यांतले अंतर मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते.

उतरताना मात्र माझ्या डोक्यात ते ‘जायलास’ आणि ‘व्हायलंय’ घोळत राहिले, आणि पुढचे दिवस मी स्थळे पाहण्याऐवजी जवळजवळ एका क्रियापदाचाच पाठलाग करत होतो. नांदेडचा दिवस उन्हात गेला. यवतमाळच्या स्थानकावर उसाच्या रसाच्या गुऱ्हाळापाशी घुंगरांच्या आवाजात एकाने विचारले, ‘‘कुठी जाऊन राहिले भाऊ?’’ जाऊन राहिले! पुण्यात जो जातो तो राहत नाही आणि जो राहतो तो जात नाही. इथे माणूस दोन्ही एकाच दमात करतो. तोवर पुण्याची मराठी ही मूळ मराठी आणि बाकीच्या तिच्या वाटेत बिघडलेल्या प्रती, असे मी, कोणी न शिकवताही, पक्के मानून चाललो होतो. यवतमाळच्या फलाटावर बिघडलेला मी एकटाच होतो. मी ‘‘अमरावतीला जातोय’’ म्हटल्यावर त्या गृहस्थांनी प्रेमाने विचारले, ‘‘पुण्याकडचे का?’’

हे ज्ञान पचते न पचते तोच परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणाऱ्या गाडीत मला मराठीच ऐकू येईनाशी झाली. गाडीत बहुतेक कोरकू बायका होत्या, बाजार करून परतणाऱ्या, आणि त्यांच्या जोरजोरात चाललेल्या गप्पांतला एकही शब्द मला पकडता येत नव्हता. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, मराठीशी तिचे जन्माचे नाते नाही, हे मी नंतर वाचले. त्या क्षणी फक्त एवढेच कळले की महाराष्ट्राच्या नकाशातून बाहेर न पडताही मी परका होऊ शकतो. मध्येच त्यांच्यातली एक जण माझ्याकडे पाहून काहीतरी बोलली आणि सगळी गाडी हसली. बहुधा विषय कांदा हा असावा, कारण उकाड्याने तो खिशातून काढून मी हातात धरला होता. चिखलदऱ्याची थंड हवा, तिथली कॉफीची झुडपे आणि गाविलगडाचा किल्ला यांचे वर्णन मी घरी पाठवलेल्या पोस्टकार्डात केले होते, ते इथे पुन्हा करत नाही.

लोणारला मी सहाव्या दिवशी भर दुपारी पोहोचलो, जी त्या जागेची अगदी चुकीची वेळ आहे. उल्केच्या आघाताने बेसॉल्टच्या खडकात पडलेला सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा तो खड्डा आणि तळाशी खारे, हिरवट पाणी. काठावर उभे राहून मी अर्धा तास ते पाहिले आणि पाणी पिण्यासाठी गावात परतलो. खरे सांगायचे तर त्या दिवसाची माझी खरी आठवण लोणारची नाहीच. ती मेहकरहून संध्याकाळी सुटलेल्या मुक्कामी गाडीची आहे.

मुक्कामी गाडी म्हणजे रात्री शेवटच्या गावाला जाऊन तिथेच थांबणारी आणि पहाटे पहिल्या फेरीला परत निघणारी गाडी. वऱ्हाडी व्याकरणाप्रमाणे खऱ्या अर्थाने ‘जाऊन राहणारी’. अंधार पडताना तिच्यात चढलो तेव्हा वाहकाने पास दिव्याखाली धरून उलटसुलट पाहिला. घामाने चार घड्यांवर फाटत आलेला तो कागद जपून परत देत तो म्हणाला, ‘‘आवडेल तेथे म्हंजे, तुमाले हे गाव आवडलं?’’ मी म्हणालो, ‘‘अजून पाहिले नाही.’’ यावर त्याने दोरी ओढून घंटी दिली.

गाव म्हणजे मारुतीचे देऊळ, पार आणि एक हातपंप. गाडी पाराला लागून उभी राहिली. थोड्या वेळाने एक मुलगा भाकरी आणि ठेचा घेऊन आला. दोन माणसांचे जेवण तिघांनी खाल्ले, आणि माझा सहा दिवस सांभाळलेला कांदा वाहकाने बुक्की मारून फोडला. चालक मागच्या शिडीने टपावर जाऊन अंथरुणावर पडला. वाहकाने तिकिटांचा ट्रे पेटीत घालून कुलूप लावले, तिकिटांच्या हिशेबाचे वे-बिल लिहून पूर्ण केले, पैशांची चामडी पिशवी उशाला घेतली आणि तिचा पट्टा मनगटाला गुंडाळून पारावर आडवा झाला. ‘‘झोप लागते का?’’ मी विचारले. ‘‘लागते ना. पण पट्टा हालला का जाग येते.’’ मी गाडीतल्या लांबलचक मागच्या सीटवर झोपलो. पहाटे जाग आली तेव्हा गाडी अर्धी भरली होती, आणि माझ्या पायांशी दुधाचा कॅन होता.

सातवा दिवस नुसता परतीत गेला: सिंदखेडराजा, जालना, आणि रात्री औरंगाबादहून पुण्याची गाडी. पासाची मुदत सातव्या दिवशी रात्री बारापर्यंत असते, हे मी पहिल्या दिवशीच वाचले होते आणि नंतर विसरलो होतो. वाहक विसरला नव्हता. नगरच्या स्थानकात गाडी चहासाठी थांबली तेव्हा बाराला पाच मिनिटे कमी होती. 1 जून 1948 रोजी एस.टी.ची पहिली गाडी पुणे आणि नगर यांच्या दरम्यानच धावली होती, हे तेव्हा मला ठाऊक असते तर मी वाहकाला नक्की सांगितले असते, आणि त्याने बहुधा ते ऐकून घेतले नसते.

गाडी निघाली. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात वाहक माझ्यापाशी आला आणि दांड्यावर तिकीट टोचायचा चिमटा टकटक वाजवत म्हणाला, ‘‘पास संपला तुमचा. कुठलं देऊ?’’

सात दिवसांत पहिल्यांदाच मला वाहकाला गावाचे नाव सांगायचे होते. ते सांगितल्यावर त्याने ट्रेमधून तीन वेगवेगळ्या रंगांची तिकिटे फाडली आणि तिन्ही एकावर एक धरून एकदमच टोचली.