आतडे लगेच का जोडले नाही?

‘आतडे तिथल्या तिथे जोडता आले असते ना? मग पोटावर पिशवी कशाला?’ हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात आणि हल्ली शिकाऊ डॉक्टरही विचारतात. फाटलेले आतडे न जोडता त्याचे टोक पोटाच्या कातडीवर बाहेर काढले, की विष्ठा त्यावर लावलेल्या पिशवीत जमा होते; ती ही पिशवी. दोन मिनिटांत उत्तर देऊन मी दरवेळी निघून गेलो आहे, ते बरोबर नव्हते.

जोड घालणे अवघड नसते, तो भरून येणे अवघड असते. टायफॉइडने लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला भोक पडून दोन-तीन दिवस उलटलेले असतात, तेव्हा पोटात पू आणि विष्ठा असते, आतडे इतके सुजलेले असते की टाका आवळताच ते कापत जाते, आणि ज्या नॉरअ‍ॅड्रेनलिनवर रक्तदाब टिकलेला असतो तेच औषध आतड्याकडे जाणारे रक्त कमी करू शकते.

हे सगळे ठाऊक असूनही मी एकदा जोडले. रुग्ण ऊसतोड कामगार होता, वय सव्वीस. मुकादमाकडून उचल घेतलेली होती आणि हंगाम तोंडावर होता. त्याचा मोठा भाऊ शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी एवढेच म्हणाला, ‘साहेब, पिशवी बांधून कोयता कसा धरायचा त्याने?’ मला उत्तर सुचले नाही. आत गेल्यावर रक्तदाब थोडा सावरलेला दिसला, आतड्याच्या कडा लाल दिसल्या, आणि मला जे पाहायचे होते ते मी पाहिले. खराब भाग कापून दोन्ही टोके जोडली. चौथ्या दिवशी तो चहा प्यायला. पाचव्या रात्री नाडी एकशे तीसवर गेली. ताप नव्हता, म्हणून मी सकाळपर्यंत थांबलो. सकाळी ड्रेनमध्ये, म्हणजे पोटातले पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत, हिरवे पाणी होते; जोड गळत होता. पुन्हा पोट उघडून जोड सोडवला आणि दोन्ही टोके बाहेर काढली. तो वाचला, पण जखम उकलली, पुढे तिथे हर्निया झाला आणि तो हंगाम गेलाच. नंतर भावाने विचारले, ‘हे पहिल्याच दिवशी का केले नाही?’

तेव्हाचा मी अजूनही माझ्याशी भांडतो: जोड टिकला असता तर? अनेकांचा टिकतो. आणि पिशवी निरुपद्रवी नाही. मीच इलिओस्टॉमी केलेल्या, म्हणजे लहान आतडे पोटावर बाहेर काढलेल्या, एका बाईंच्या पिशवीत रोज दोन लिटरहून अधिक पाणी जाऊ लागले, मीठ-पाणी कमी पडून मूत्रपिंडे थकली आणि दहाव्या दिवशी त्यांना परत दाखल करावे लागले. डाव्या बाजूच्या मोठ्या आतड्यासाठी फ्रेंच शल्यचिकित्सक आँरी हार्टमान यांनी 1921 मध्ये सांगितलेली पद्धत (खराब भाग काढून खालचे टोक बंद करायचे, वरचे पोटावर बाहेर काढायचे) आम्ही डोळे झाकून वापरत आलो, पण त्यानंतर अनेकांचे आतडे पुन्हा कधीच जोडले जात नाही. तिथे डायव्हर्टिक्युलायटिसने, म्हणजे मोठ्या आतड्याच्या भिंतीतल्या छोट्या फुगवट्यांच्या दाहाने, आतडे फुटले असेल आणि रक्तदाब स्थिर असेल, तर जोडून वर तात्पुरती इलिओस्टॉमी करणे अनेकदा अधिक चांगले, हे चाचण्यांतून दिसले आहे. तेव्हा विचारणारी मुले चुकत नाहीत, आणि मी भीतीपोटी काही पिशव्या नाहक लावल्या असतील, हेही खरे आहे.

आता शक्य असेल तेव्हा मी रुग्णाला आधी बसवतो, कामावर वाकतो तसे वाकायला सांगतो आणि पिशवीची जागा पोटावर पेनाने आखतो. ती वापरायची की नाही, हे पोट उघडल्यावरही मला चटकन ठरवता येत नाही.