तुम्ही विचारलंत म्हणून : हंगेरीला पेटी न्यावी का?

कुडाळ-कणकवलीकडच्या गायन शिक्षकांचा हा ठरलेला प्रश्न. कोदाय पद्धत (हंगेरीचे संगीतकार कोदाय यांच्या विचारांवरची, गळ्याने गाऊन संगीत शिकवायची रीत) शिकायला हंगेरीतल्या केच्केमेत गावच्या संस्थेत जायचंय, तर पहिल्या काही आठवड्यांत अडतं कुठे? आणि पेटी न्यावी का?

पेटी घरीच ठेवा. खोक्यासकट वजन निम्मं सामान खातं. शिवाय कोकणातलं लाकूड पावसाळ्यात दमट हवा पिऊन फुगलेलं. तिकडे थंडीत खोल्या तापवायला लागले की हवा कोरडी होते, लाकूड आकसतं, फटी पडतात, भाता दम धरत नाही आणि एखादा सूर पट्टी न दाबताच वाजत राहतो. दुरुस्तीवाला कुठून आणणार? तबला नेलात तर त्याचं उलट, पुडी ताणून सूर चढतो. तसंही तिथे पहिल्या दिवसापासून गळ्यानेच गायचं असतं. पेटी पिशवीतच राहील.

त्याऐवजी ४४० चा (सेकंदाला ४४० कंपनांचा) ट्यूनिंग फोर्क घ्या, म्हणजे आपटला की एकच ठरलेला सूर देणारा धातूचा चिमटा. तो गुडघ्यावर आपटायचा, टेबलाच्या कडेवर नाही. कडेवर आपटला की आधी कर्कश वरचा सूर ऐकू येतो आणि कान फसतो. हा सूर म्हणजे तुमच्या पेटीची पांढरी सहा (सहावी पांढरी पट्टी), तिकडचा 'ए'. तिकडचे दो, रे, मी, फा, सो, ला, ती म्हणजे आपले सा, रे, ग, म, प, ध, नि. गाण्याचा 'दो' पांढरी एकवर असेल तर फोर्कचा सूर 'ला'. 'दो' पांढरी दोनवर असेल तर तोच सूर 'सो', पांढरी चारवर असेल तर 'मी', पांढरी पाचवर असेल तर 'रे'. फोर्क ऐकायचा, मनात नाव द्यायचं, तिथून उतरत 'दो' गाठायचा आणि मगच वर्गाला सूर द्यायचा. तंबोरा नाही, दर गाण्याला नवा 'दो'. एकदा लावलेली काळी चार रात्रभर धरून भजन म्हणणाऱ्याला पहिले पंधरा दिवस पायाखालची वाळू सरकल्यासारखं होतं.

जिभेचा घोटाळा वेगळाच. 'रे' दोन्हीकडे सारखा, पण आपल्या 'ग'ला तिथे 'मी' म्हणतात. 'मी' म्हटलं की गळा मध्यमाकडे धावतो. त्यावर उपाय घोकंपट्टीच. भूप सरगमने एकदा, लगेच दो-रे-मी-सो-लाने एकदा, रोज दहा मिनिटं. भूप मुद्दाम, कारण तो पाच सुरांचा राग आणि कोदाय पद्धतीचा पायाच पाच सुरांवर आहे.

खरी अडचण मायनरला, म्हणजे कोमल ग असलेल्या चालींना, येते. आपला षड्ज म्हणजे घरचा सूर, राग कुठलाही असो. तिथे मायनरमध्ये घरचा सूर 'ला' असतो. आसावरी थाट घ्या: आपला सा तिथे ला, रे म्हणजे ती, कोमल ग म्हणजे दो, म म्हणजे रे, प म्हणजे मी, कोमल ध फा, कोमल नि सो. म्हणजे आपण 'रे' म्हणतो तो त्यांचा 'ती' आणि ते 'रे' म्हणतात तो आपला मध्यम! पाठ करायला गेलात तर महिना जाईल. मूर्च्छना आठवा, म्हणजे सूर तेच ठेवून षड्ज दुसऱ्या सुरावर धरणं. भूपाचा धैवत षड्ज धरून तेच सूर गायले की धानी राग होतो. दो-पेंटॅटॉनिकवरून ला-पेंटॅटॉनिकवर (पाच सुरांत घर 'दो'ऐवजी 'ला') जाणं ते हेच. हंगेरियन लोकगीतांत ही ला-चाल वारंवार भेटते. ज्यांनी मूर्च्छना फक्त परीक्षेपुरती लिहिली, त्यांनी जाण्याआधी ती गाऊन बघावी.

या पद्धतीत प्रत्येक सुराला हाताची एक खूण असते. त्या खुणांत चूक एकच होते: सगळ्या खुणा छातीशीच. 'दो'ची मूठ कमरेशी, वरचा 'दो' कपाळाशी; हात चढला तर मुलाला सूर चढलेला दिसतो. छापील अक्षरांत मात्र हंगेरीत पांढरी सातला 'एच' म्हणतात आणि 'बी' म्हणजे काळी पाच. इंग्रजी पद्धतीची अक्षरं शिकलेले निम्मे जण पहिल्या आठवड्यात इथेच चुकतात.

मग कॅनन, म्हणजे एकच चाल मागेपुढे सुरू करून एकत्र गाणं. बुवांनी म्हटलं की मागून उचलून धरायची आपली सवय, त्यामुळे शेजारचा ऐकू आला की आपण त्याच्या ओळीत जातो. घरी जोडीदार घेऊन बसा. तुम्ही सा रे ग प ध सां चढा, तुम्ही ग वर आलात की त्याने सा सुरू करावा. ग-सा, प-रे, ध-ग, सां-प, सगळ्या जोड्या गोड लागतात, म्हणून चुकलं की लगेच कळतं. जमलं की एका हाताने मात्रा धरा.

एवढ्यासाठी हंगेरी गाठेपर्यंत थांबायचं कारण नाही. पोर्तुगीज काळात गोव्याच्या पॅरिश शाळांत मुलांना सोल्फेज (सुरांना दो-रे-मी नावं देऊन गाणं) शिकवत. मांडो ही तिथली कोकणी गाणी आजही दोन आवाजांत गातात. कुडाळहून थिवीला गाडीने उतरा, चर्चच्या क्वायरमध्ये मागच्या रांगेत आठ रविवार उभे राहा, तेही मधल्या आवाजात. धून गाणाऱ्यांत उभे राहिलात तर काही शिकणार नाही.

सत्र सप्टेंबरात सुरू होतं, म्हणजे बहुतेक वर्षी ऐन गणपतीच्या सुमारास. डबलबारीची (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याची) सुपारी घेण्याआधी विमानाची तारीख बघून घ्या.