येशू परत येणार ना, मग घराचे हप्ते कशाला भरता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. हा प्रश्न मला खूपदा येतो, कधी चेष्टेत, कधी अगदी मनापासून, आणि आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुण मुलांकडूनही येतो. येशू परत येणार असं खरंच मानता ना, मग हप्ते, विमा, मुलांच्या शिक्षणाचं सेव्हिंग हे सगळं कशाला? आणि दोन हजार वर्षं झाली, वाट बघून कंटाळा नाही येत?

आधी हे सांगते की हो, मी खरंच मानते. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो पुन्हा येईल असं आम्ही उपासनेत म्हणतो ते नुसतं पाठ आहे म्हणून नाही. पण तारीख मात्र मला विचारू नका. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात येशूने स्वतःच सांगून टाकलंय की तो दिवस आणि ती घटका फक्त पित्याला, म्हणजे देवाला, ठाऊक आहे. तरी कुठे युद्ध पेटलं, भूकंप झाला की लगेच मेसेज फिरायला लागतात, अमुक भविष्य पूर्ण झालं, आता थोडेच दिवस राहिले वगैरे, मी ते पुढे पाठवत नाही आणि पाठवणाऱ्याला तसं सांगतेही. कारण यात माणसं होरपळतात हो. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या उपदेशकाच्या शिकवणीवरून हजारो लोक येशू परत येईल म्हणून २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट बघत बसले होते, काही शेतकऱ्यांनी उभं पीक काढलंसुद्धा नाही. २०११ मध्ये हॅरल्ड कॅम्पिंग या अमेरिकन उपदेशकाने रेडिओवरून २१ मे ही तारीख सांगितली, तेव्हाही काहींनी आपली साठवलेली पुंजी त्या तारखेच्या जाहिरातींवर घालवली. २२ मेची सकाळ त्या घरांमधून कशी उजाडली असेल याचा विचार केला की मला रागापेक्षा वाईटच जास्त वाटतं.

हप्त्यांचं म्हणाल तर त्याचं उत्तर प्रेषित पौलाने बायबलमधल्या आपल्या पत्रांत कधीच देऊन ठेवलंय. थेस्सलनीका या ग्रीक शहरातली मंडळी प्रभूच्या दिवसाबद्दल, म्हणजे येशूच्या परत येण्याबद्दल, पार गडबडून गेली होती आणि तिथेच काहीजण कामधंदा सोडून नुसते इकडेतिकडे करत होते. त्यांना तो लिहितो, आपापलं काम करा, हातांनी कष्ट करा, आणि ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. इतकं रोखठोक! म्हणजे ज्या पत्रांमध्ये प्रभूच्या येण्याबद्दल एवढं लिहिलंय त्यातच पोटापाण्याचंही लिहिलंय, ते वेगळं काढताच येत नाही. घेतलेलं कर्ज फेडणं हा माझ्या विश्वासाचाच भाग आहे.

मग फरक कुठे पडतो? मला तो सगळ्यात जास्त आमच्या मंडळीतल्या एका मावशींकडे दिसला. त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या, आम्ही बायका आळीपाळीने जायचो, त्यांना कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची, चादर अशी ओढून घ्यायची की खाली एकही चुणी राहू नये, कारण चुणी राहिली की तिथेच कातडी लाल व्हायची. ते झालं की त्या म्हणायच्या, आता ते चौथ्या अध्यायातलं वाच. म्हणजे पौलाच्या थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं, ख्रिस्तामध्ये मेलेले आधी उठतील ते. मी वाचायचे, त्या डोळे मिटून ऐकायच्या. हेच शरीर उद्या मातीत जाणार हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही, पण देव हे उठवणार आहे असं मानणाऱ्याला त्या शरीराची हेळसांड करवत नाही. तिथे माझ्यासाठी हा नुसता धर्मसिद्धांत उरला नाही.

आता दोन हजार वर्षांचं. बायबलमधल्या पेत्राच्या दुसऱ्या पत्रात लिहिलंय की प्रभू उशीर करत नाहीये, तो धीर धरतोय, कोणाचा नाश व्हावा अशी त्याची इच्छा नाही. माझ्या अगदी जवळची काही माणसं अजून त्याच्यापासून लांब आहेत, त्यामुळे हा उशीर मला कसा नकोसा होईल? पण सगळेच दिवस असे नसतात. लहान मुलांवर बॉम्ब पडल्याची बातमी वाचली की मीही देवाला विचारते, अजून किती काळ? बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात, हुतात्मेसुद्धा अगदी हेच मोठ्याने ओरडून विचारतात आणि देव त्यांना गप्प बसा म्हणत नाही, पांढरा झगा देतो आणि अजून थोडा वेळ थांबा म्हणतो. एवढ्यावर मला थांबता येतं.

आणि काहीजण हळूच विचारतात, न्यायाची भीती नाही वाटत? न्याय करणारा तोच आहे ज्याने माझ्यासाठी जीव दिला, म्हणून तशी भीती नाही. पण मत्तयाचा पंचविसावा अध्याय मला अस्वस्थ करतो. न्यायाच्या वेळी मेंढरं आणि शेरडं वेगळी करावीत तशी माणसं वेगळी केली जातात, तिथे दोन्ही बाजूचे लोक चकित होऊन एकच विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेला, आजारी, तुरुंगात कधी पाहिलं? ज्यांनी गरजूंना मदत केली त्यांनाही ती त्यालाच केली हे कळलं नव्हतं आणि ज्यांनी टाळलं त्यांनाही. म्हणून दारात कोणी आलं की मी आकाशाकडे बघायच्या आधी त्याच्याकडे नीट बघून घेते.