उडीमार कोळ्याची नोंद: नर हाती आला, मादी बाकी

आपल्याला सापडलेला उडीमार कोळी नव्या जातीचा आहे का, हे आपण तपासतो आहोत. मागच्या नोंदीच्या वेळी डबी क्र. ३ मधला नर अजून वयात यायचा होता. पाल्पचं, म्हणजे तोंडाशेजारच्या छोट्या पायासारख्या अवयवाचं, टोक बोंडासारखं गोल फुगलेलं, पण आत कसलाच आकार नाही. अशा कोळ्यावरून जात ठरत नाही, मग फोटो कितीही सुरेख असू दे. आता त्याने शेवटची कात टाकली आहे आणि पाल्प उघडा दिसतो आहे. या महिन्यातली खरी प्रगती एवढीच, पण पुढचं सगळं काम तिच्यावर उभं आहे.

अर्धवट वाढलेले नर फांद्या झोडपताना भरपूर मिळतात आणि बरेच जण ते सोडून देतात. सोडू नका. ५० मिलीची पारदर्शक डबी, झाकणाला सुईने पाडलेली सात-आठ भोकं, कोपऱ्यात ओल्या टिशूचा नखाएवढा तुकडा आणि चढायला एक वाकडी काडी एवढ्यावर भागतं. खायला पिकल्या केळ्यावर येणाऱ्या चिलटांपैकी तीन-चार, दर दोन-तीन दिवसांनी. कोळी रेशमाची पिशवी विणून आत बसला आणि खाणं सोडलं, की तो कातीला आला. तेव्हा उरलेली चिलटं बाहेर काढायची आणि डबी हलवायची नाही. नमुने हातचे जातात ते इथेच. डबी कोरडी पडली की पाय जुन्या कातीत अडकतात, आणि टिशू सतत चिंब राहिला की बुरशी धरते. टिशूला हात लावला तर गार लागावा, पाणी सुटू नये.

कात टाकल्यावर लगेच अल्कोहोलात टाकायची घाई करू नका. पाल्प मऊ आणि फिकट असतो, आकुंचन पावतो, आणि चित्र चुकीचं निघतं. सहा-सात दिवस थांबा. या दिवसांत जिवंतपणीचे फोटो घ्या: समोरून चेहरा, वरून, दोन्ही बाजूंनी. चकाकणारे खवले अल्कोहोलात फिके पडतात, काही रंग तर पार उडून जातात. पडलेली कातही वेगळ्या कुपीत जपून ठेवा.

नमुना ७० टक्के इथेनॉलमध्ये. ९५ टक्क्यांचं हाताशी असेल तर त्यातलं ७४ मिली घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याने १०० मिलीपर्यंत भरायचं. डीएनएसाठी एका बाजूचे दोन पाय आधीच काढून ९५ टक्क्यांतच, शक्यतो उणे २० अंशांवर. लेबल पेन्सिलीने लिहून कुपीच्या आत: ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कोणत्या झाडावर, कोणी पकडला. बॉलपेनची शाई अल्कोहोलात विरघळते, आणि ठिकाण हरवलेला नमुना नव्या जातीच्या वर्णनाला फारसा कामाचा राहत नाही.

आता पाल्प. डावा काढायचा आणि उजवा अंगावरच ठेवायचा हा रिवाज आहे. जगभरातली बहुतेक चित्रं डाव्याची असल्यामुळे तुलना सोपी जाते. काचेच्या छोट्या वाटीत हात निर्जंतुक करायचा पारदर्शक जेल घ्या, त्यात पाल्प हवा तसा टेकवा आणि वरून अल्कोहोल ओता. जेलमध्ये तो हलत नाही. चित्रं दोन बाजूंनी हवीत: खालून आणि बाहेरच्या कडेने. खालून एम्बोलस, म्हणजे शुक्राणू सोडणारी ती टोकदार नळी, कुठून निघते, किती वळते आणि कुठे संपते ते दिसतं. कडेने पाल्पच्या टिबियावरचा, म्हणजे टोकाच्या अलीकडच्या पेरावरचा, काटा दिसतो, ज्याला सगळे आरटीए म्हणतात. पाल्प जरासा कलला तरी एम्बोलस आखूड भासतो. आपल्या नराचं पहिलं चित्र असंच फसलं होतं. नीट टेकवून पुन्हा पाहिलं तेव्हा जो फरक ‘नवा’ वाटत होता तो नाहीसा झाला. आरटीएच्या टोकाची दुभंगलेली रचना मात्र दोन्ही वेळा जशीच्या तशी दिसली, म्हणून सध्या भरवसा तिच्यावर आहे.

मोजमापं मिलिमीटरमध्ये, सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसमधल्या पट्टीने. ही पट्टी प्रत्येक झूमला स्टेज मायक्रोमीटरवर (बारीक मापाच्या खुणा असलेली काचपट्टी) नव्याने जुळवावी लागते. पोटाच्या लांबीवर विसंबू नका, ते जेवणागणिक बदलतं. शिरोवक्षाची लांबी-रुंदी, डोळ्यांचे व्यास, त्यांच्यातली अंतरं आणि पायाचा प्रत्येक भाग वेगळा मोजून ठेवा.

आपला नर क्रिसिलिनी गटातला आहे, फिन्टेला आणि आयसियस या प्रजातींच्या (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, genus) जवळचा. हा गट अवघड आहे, कारण जुन्या भारतीय जातींपैकी काही चुकीच्या प्रजातीत टाकल्या गेल्या होत्या. त्यामुळे एकाच प्रजातीच्या याद्या चाळून भागत नाही. बर्नच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाचा जागतिक कोळी कॅटलॉग सगळ्यात आधी उघडा. नोंदणी केली की जुने शोधनिबंधही तिथेच वाचायला मिळतात. उडीमार कोळ्यांच्या सहा हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. ‘असा कधी पाहिला नाही’ याला इथे पुरावा म्हणत नाहीत. जवळच्या जातींची मूळ चित्रं शेजारी मांडून एकेक नाव खोडत जायचं.

मादीशिवाय वर्णन छापता येतं, पण ते अर्धं राहतं. उडीमारांत नर-मादी इतके वेगळे दिसतात की पूर्वी एकाच जातीला दोन नावं पडल्याची उदाहरणं आहेत. त्याच झाडावर मिळाली म्हणून ती याच नराची, असं धरू नका. रानातून आणलेल्या मादीने घातलेल्या अंड्यांतली पिल्लं वाढवून नर बघायचे, किंवा दोघांच्या सीओआय या, जाती ओळखायला वापरतात त्या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा जुळवून पाहायचा. मादीचं एपिजाइन, म्हणजे पोटाखालचं जननांग, कापून काढल्यावर लवंगेच्या तेलात ठेवलं की आतल्या नळ्या आणि शुक्राणूपिशव्या पारदर्शक दिसायला लागतात. दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड जास्त साफ करतं, पण दर थोड्या वेळाने पाहत राहा. जास्त वेळ राहिलं की पातळ नळ्या दिसेनाशा होतात.

नावाची चर्चा सुरू झालीच आहे, तर नियम एवढा: पुरुषाच्या नावावरून एकवचनी ‘-i’, स्त्रीच्या नावावरून ‘-ae’ हा लॅटिन प्रत्यय. २०२१मध्ये ठाणे-कल्याण भागातल्या जातीला आयसियस तुकारामी हे नाव दिलं गेलं, २६/११ला कसाबची बंदूक धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्यावरून. त्याच निबंधात आरे कॉलनीतली फिन्टेला चोळकेई ही जातही होती. शहराला लागून उरलेल्या झाडीत अजून काय काय आहे, हे या दोन नावांवरून कळावं. आरेसारखी जागा ‘नुसतं गवत’ म्हणून कोणी उडवून लावते तेव्हा म्हणूनच जीव तुटतो.

नाव छापण्याआधी होलोटाइप, म्हणजे जातीचं नाव ज्याच्यावर बांधलं जातं तो मूळ नमुना, संग्रहालयात जमा होऊन त्याला क्रमांक मिळालेला हवा. २००२च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ नुसार नव्या जातीची माहिती आणि नमुना नेमलेल्या संस्थेकडे देणं बंधनकारक आहे. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात वन विभागाची परवानगी नसेल तर कोळी पकडूच नका, फोटो घ्या. निबंध फक्त ऑनलाइन नियतकालिकात जाणार असेल तर झूबँकची (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची ऑनलाइन नोंदवही) नोंदणीही लागते.

सध्याची स्थिती: नर एक, पाल्पची दोन्ही चित्रं पक्की, पाय गोठवलेले. डबी क्र. ५ आणि ८ मध्ये संशयित माद्या. पाचमधलीने परवा पानाच्या घडीत रेशमी पिशवी घातली असून आत पिवळसर अंडी दिसतात. टिशू रोज बघतो आहोत.