उसनी पात्रे, स्वतःची कथा
माझ्या भाचीने एका गाजलेल्या कादंबरीतील दुय्यम पात्र घेऊन लिहिलेली दीर्घकथा एका स्पर्धेत ‘स्वतंत्र लेखन नव्हे’ या कारणाने नाकारली गेली आणि मला ते मनापासून खटकले. आम्हा नागपूरकरांना सुमारे ५० किलोमीटरवरच्या रामटेकमुळे कालिदास घरचाच वाटतो, म्हणून उदाहरणही त्याचेच आठवले. महाभारतातील शकुंतलेच्या आख्यानात दुर्वासांचा शाप नाही, अंगठीही नाही. तिथे दुष्यंत तिला ओळखूनही लोकापवादाच्या भीतीने नाकारतो. कालिदासाने ‘शाकुंतल’ नाटकात त्या नकाराच्या जागी शापामुळे झालेले विस्मरण आणले, आणि पात्रे जुनीच असली तरी दुःखाचे कारणच बदलल्यामुळे नाटक सर्वस्वी त्याचे झाले.

कायद्याचा प्रश्न वेगळा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे रूपांतराचा हक्क संरक्षित असतो, त्यामुळे परवानगीशिवाय कथा छापू नकोस, असे मी तिला बजावले आहे. परंतु हक्क कोणाचा आणि निर्मिती कोणाची, हे दोन प्रश्न परीक्षकांनी एकच मानायला नको होते. मूळ कादंबरीत जेमतेम दोन वाक्ये बोलणाऱ्या त्या मोलकरणीला भाचीने आई दिली, गाव दिले, अपराधाची बोच दिली. यांतले काहीही मूळ पुस्तकात नाही.